फ्लॉयडचे कॅबिनेट

मी, एडवर्ड जोसेफ मिस्किटा, वय वर्षे ७२, पूर्वीचा धंदा एसीच्या डक्टचे पत्राकाम, राहणार पोयसर गावठाण, कांदिवली पश्चिम, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, डॉक्टरांनी पावसाळ्यापुरती मुदत दिली आहे. हात थरथरतो म्हणून मी सांगतो आणि शेजारी शिवदास गमरे लिहितो.

१. दोन खोल्यांचे राहते घर माझी नात ब्रिजेट हिला. तिची आई, माझी सून फ्लेविया, हिला हयातभर तिथे राहण्याचा हक्क राहील. ती मुलुंड सोडून येणार नाही हे मला माहीत आहे. तरी हक्क लिहून ठेवतो.

२. बँकेतल्या ठेवीतून ब्रिजेटच्या कॉम्प्युटरचे आतले सामान घ्यावे, ती सांगेल तेच. दुकानदाराचे ऐकू नये. उरेल त्यातून माझी पत्नी कै. ऑलिव्ह हिच्यासाठी दरवर्षी चर्चमध्ये मिस्सा. माझी वेगळी नको, तिच्यातच माझे नाव घ्यावे.

३. धाकटा भाऊ डॅरिल याला काही नाही. ऑलिव्हच्या मातीला येऊन त्याने कबरीपाशीच मला विचारले, "बिल्डरला कधी देतोस रे जागा?"

४. ग्राइंडर, ड्रिल, पत्र्याच्या कात्र्या आणि रिव्हेटची गन मिथुनला. बावीस वर्षे माझ्या शिव्या खाऊन त्याने माझ्याबरोबर डक्ट बसवले. मोठी कात्री डावीकडे ओढते, ते त्याला ठाऊक आहे. बदल्यात त्याने एक काम करायचे, ते पुढे येईल.

५. आता कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची पत्र्याची पेटी. हे कलम लांबेल, शिवदासने कुरकुर केली तरी.

२००२ साली माझा मुलगा फ्लॉयड याने हौसेने घरी कॉम्प्युटर आणला. पुढच्या वर्षी तो बारावीत नापास झाला. त्या दिवशी तो बाहेर असताना मी आतले सगळे काढून विकून टाकले. रिकामे कॅबिनेट कोणी घेईना, म्हणून ऑलिव्हने त्यावर तांदळाचा डबा ठेवला. तिसऱ्या दिवशी फ्लॉयड घर सोडून गेला. त्यानंतर आईला फोन करायचा, मला कधीच नाही. २०२१ च्या साथीत तो मुलुंडला वारला. मला त्याचा चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मिस्साला ब्रिजेट घरी आली आणि तिने डब्याखाली बघितले. "ग्रँपा, हे पप्पांचं ना? बाहेरून असंच पिवळट राहू दे, आत सगळं नवीन टाकू. झकास दिसेल!" आतले कुठे गेले, असे तिने विचारले. मी म्हणालो, "खराब झालं." ते खोटे होते. खरे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथे सांगतो.

आठ महिने काम केले. नवा मदरबोर्ड बसावा म्हणून नवे खुंट रिव्हेट केले, वायरी जोडायची मागची खिडकी कापून मोठी केली. ग्राफिक्स कार्ड हातभर लांब, त्यासाठी ड्राइव्हचा पिंजरा उडवला. नव्या सामानाला हवा फार लागते आणि हवा म्हणजे माझे खाते. पंख्यासाठी बाजूच्या झाकणाला भोक पाडायचे ठरवले. आमच्या धंद्यात आखणी बाहेरून आणि कापही बाहेरून. डक्टच्या आत कोणी बघायला जात नाही. मीही बघितले नाही.

कापलेली चकती खाली उलटी पडली. तिच्यावर मार्करने लिहिलेले होते, 'पप्पांनी'. झाकण उलटवले. भोकाच्या दोन्ही बाजूंना फ्लॉयडचे अक्षर. जुळवून वाचले: 'टेम्पोतून पडून चेपलं. पप्पांनी ठोकून नव्यासारखं केलं. फ्लॉयड, मे २००२.'

ठोकून दिल्याचे मला आठवतही नव्हते. त्या दिवसापासून मी हत्याराला हात लावलेला नाही.

६. ही चकती माझ्या शवपेटीत ठेवावी.

इथे शिवदासने पेन खाली ठेवले. म्हणाला, "एडवर्ड, पोरीच्या बापाचं अक्षर आहे ते. एकदा विकलंस ना त्याचं? आता उरलेलं पण घेऊन चाललास?" मी पेन उचलून पुन्हा त्याच्या हातात दिले. कलम सहा रद्द.

६ (दुरुस्त). चकती बिस्किटांच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली आहे. मिथुनने ती अक्षर जुळवून होती तिथेच बसवावी. पट्टी बाहेरून मारावी, आतून नको. रिव्हेट अक्षरावर येऊ देऊ नये. बाहेरून ओबडधोबड दिसेल, दिसू दे. पंखा पुढच्या बाजूला लावावा. मग कॅबिनेट ब्रिजेटला द्यावे, पण झाकण उघडण्याआधी तिला कलम पाच पूर्ण वाचून दाखवावे.

ते ऐकून तिला कॅबिनेट नको झाले, तर कोणी आग्रह करू नये. पुन्हा तांदळाच्या डब्याखाली ठेवावे. भंगारात देऊ नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

सही: एडवर्ड जोसेफ मिस्किटा

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळायचे नाही:
१. शिवदास गमरे, शेजारी (लिहिणार)
२. सुगंधा किणी, परिचारिका

ठिकाण: कांदिवली
दिनांक: ११ मे २०२५