हळदीत सारेच शार्प

मलकापूर, मंगळवार

तीर्थरूप हिंमतराव मामांच्या पायाशी,

भाचा भागवत वाकून नमस्कार करते. तुमच्या मांडीचं हाड आता कसं काय हाय? मामीच्या धाकानं पलंगावरच असाल, असं धरून चालतो. इकडं घरचे सारे बरे हायेत. मी मात्र सकाळपासून फोटूच्या दुकानात येरझारा घालून राह्यलो, बसलो की उठतो, उठलो की बसतो. फोन काऊन नाही केला म्हणाल, तं फोनवर तुम्ही पहिलेच विचारता, काजलच्या हळदीचे फोटू कसे आले, अन् मी रेंज नाही म्हणून फोन ठेवून देतो.

नातीच्या लग्नाले येता येत नाही म्हणून तुम्ही कपाटातली जुनी लेन्स माह्या हाती देली, अन् म्हणाले, "वंदनाच्या हळदीचे फोटू म्या यानंच काढले. तिच्या पोरीचेबी यानंच काढ, म्हणजे मी तिथं होतो असं समजीन." तवापासून माह्या जिवाले घोर. नवा कॅमेरा बिनआरशाचा, मधात एक रिंग बसवली की जुनी लेन्स त्यावर चढते. चढली बी. पण कॅमेरा म्हणे, लेन्सच नाही. (जुन्या लेन्सले विजेचे टोक नसतात, म्हणून तो तिले ओळखच देत नाही. यापरीस नवा जावई बरा.) मंग मेनूत शिरून, लेन्स नसली तरी फोटू काढ बाप्पा, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं, तवा कुठं खटका वाजला.

आता फोकस आला हातावर. माही नजर तुमच्यासारखी नाही, म्हणून कॅमेऱ्यातली एक सोय चालू केली: जे शार्प असते त्याच्या कडा तो पडद्यावर रंगवून दाखवते. रंग म्या पिवळा ठेवला. (काळ्या सुटावर झकास दिसते, मागच्या लग्नात पाह्यलं होतं.) मामा, हळदीले पिवळा! नवरी पिवळी, करवल्या पिवळ्या, मांडवाचं कापड पिवळं, वंदनाताईच्या कोपरापर्यंत हळद. पडद्यावर जिकडं पाहा तिकडं सारेच शार्प. म्या मनात म्हटलं, वा रे मामाची लेन्स, अन् अशा तोऱ्यात खटके मारले की एकदाबी मोठं करून पाह्यलं नाही. घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकले, तं नुसता बेसनाचा घोळ. साऱ्या कार्यक्रमात एकच गोष्ट स्वच्छ आली, पाण्याचा निळा जार. त्याच्यावरचा डीलरचा नंबर बी वाचता येते.

लेन्सचा काही दोष नाही. मले लय वाईट वाटते, मामा. मामीले साष्टांग.

तुमचा,
भागवत

ता. क. – खरं काम असं हाय. मांडवपरतणीले काजल अन् जावई इकडं माहेरी आले हायेत, रविवारी संग्रामपूरले तुमच्याकडं येऊन राह्यले. मामीले थोडी हळद भिजवाले सांगा. मी कॅमेरा पलंगाजवळ स्टँडवर लावतो, फोकसची रिंग तुम्ही फिरवा, खटका मी दाबतो.

ता. क. दुसरा – काजल दुकानात आली अन् तिनं पत्र वाचलं. ते नाही म्हणते. म्हणे, "आबा कॅमेऱ्यामांगं नाही बसणार, माह्याजवळ बसतील. त्या लेन्सनं साऱ्या गावाचे फोटू काढले, आबाचा एकबी नाही." म्हणून फोकस माह्याच हाती राह्यला. तुम्ही तेवढी दाढी करून ठेवजा.