गुडघे, बर्फ आणि वरच्या आळीतला धूर

२८ नोव्हेंबर
सकाळी अंगण पांढरं. पलंगावरून उठताना गुडघे कडाकडा वाजले. झ्लात्का आतून म्हणाली, "लाकूड तडकलं का रे?" हो म्हणालो. बायकोला किती सांगायचं याला मर्यादा असते.
डॉक्टरबाई म्हणते, सांधे उबेत ठेवा, रोज थोडं चाला, एका जागी बसून राहू नका. बाई तिशीची. तिला काय कळतंय सांध्यांतलं? मी जन्मभर ट्रक चालवला. गुडघा म्हणजे इंजिन. थंडीत जरा उशिरा सुरू होतं, एवढंच.
निश्चय : उद्यापासून पहाटे व्यायाम.

२९ नोव्हेंबर
धुकं. धुक्यात व्यायाम छातीला वाईट.

३ डिसेंबर
घरच्या राकियात लाल मिरची भिजवून ती दारू गुडघ्यांना चोळली. झकास आग. म्हणजे लागू पडतंय. मग त्याच हाताने डोळा चोळला. दिवसभर गुडघ्यांची आठवणसुद्धा आली नाही. उपाय यशस्वी.

७ डिसेंबर
झ्लात्काचा धोशा : खाली शहरात, प्लोवदिवला मुलीकडे जाऊ. रुमियानाच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, खोल्या गरम असतात. "रस्ता बंद व्हायच्या आत चल. गँचोचं काय झालं, विसरलास?"
गँचो आमचा शेजारी. मागच्या हिवाळ्यात लाकडं आणायला अंगणात गेला, तो बर्फ वितळल्यावर सापडला. पण गँचो प्यायचा. मी नुसती चोळतो.
म्हणालो, तू जा. मी सहा जानेवारीच्या सणाला पाद्रीने नदीत फेकलेला क्रूस काढायला पोरांबरोबर उडी मारणार आहे.
ती म्हणाली, "आधी पलंगावरून उतर."

११ डिसेंबर
झ्लात्का गेली. जाताना शेगडीजवळ लाकडं रचून ठेवली. "फोन उचलत जा, हट्टी गाढवा." आवाज जरा ओला वाटला. सर्दी असेल.
दुपारपासून बर्फ. आता बस वर येणार नाही म्हणे. आमच्या वरच्या आळीत आता दोनच घरांतून धूर निघतो : माझ्या आणि पलीकडच्या म्हाताऱ्या मिन्काआजीच्या.

१५ डिसेंबर
व्यायामाचा निश्चय बदलला. विश्रांती. दिवसभर शेगडीला चिकटून खुर्चीत. उठायला गेलो तर कंबरेखालचा भाग आलाच नाही. बोटांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. झाकणं हल्ली फार वाईट बनवतात. नुसता पाव खाल्ला.
मिन्काआजी काठी टेकत आली. "स्पास, पोरा, तुझा धूर बारीक झालाय." म्हटलं, काटकसर. "गँचोचाही असाच झाला होता," म्हणाली आणि गेली. असल्या बायकांमुळेच गावं ओस पडतात.

१८ डिसेंबर
घरातली लाकडं संपली. बाहेरची रास खिडकीतून दिसते. मधे पायऱ्या, पायऱ्यांवर बर्फ. स्टूल जाळलं. तसंही डुगडुगत होतं.
तार तुटली, फोन मुका. झ्लात्का काळजी करेल. तिला सवय आहे.
कालपासून कुत्री भुंकत नाहीत. शांतता प्रकृतीला चांगली.

१९ डिसेंबर
दुसरं स्टूल. ते डुगडुगत नव्हतं.

२० डिसेंबर, रात्री
अक्षर वाईट येतंय. हाताला दोष नाही, पेन गारठलंय.
सकाळी लाकडं आणायला गेलो. शेवटच्या पायरीवर गुडघा वाकलाच नाही. पडलो. जरा पडून राहावं म्हटलं. मग उठावं म्हटलं. उठता येईना. बर्फ पडत होता, अगदी मुकाट्याने. आधी माझे बूट दिसेनासे झाले. हाक मारली, ती कुंपणाच्या आतच राहिली.
गँचो त्या दिवशी प्यायला नसेलही, हे पहिल्यांदाच मनात आलं.
मग थंडी वाजायची थांबली. तेव्हा मात्र घाबरलो. झ्लात्काचं नाव घेतलं, दोनदा की तीनदा. इथे लिहितोय, तिला सांगणार नाही.
धूर दिसेना म्हणून मिन्काआजी आली. "मेलास का रे?"
नाही म्हणालो.
"मग हात हलवून दाखव."
हलवला. तिने स्वतःची शाल माझ्यावर टाकली आणि रिकामी बादली काठीने बडवत सुटली. खालच्या आळीची माणसं ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत बडवत होती. मधेमधे मला शिव्याही देत होती. झोपू नये म्हणून, असं नंतर म्हणाली.

२२ डिसेंबर, प्लोवदिव, हॉस्पिटल
हाड शाबूत. इथला डॉक्टर म्हणतो : ऊब, रोज थोडं चालणं, एका जागी बसू नका. सगळे एकाच पुस्तकातून शिकलेले दिसतात.
नदीत उडी रद्द. यंदा पाणी गढूळ असेल.

२९ डिसेंबर, रुमियानाचा फ्लॅट
गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या, वर गरम पाण्याची पिशवी. सकाळ-संध्याकाळ झ्लात्का मला भिंतीच्या कडेने चालवते. गुडघा वाकायला लागलाय. हवा बदलल्याचा परिणाम, दुसरं काय.
आज तिने विचारलं, मार्चपर्यंत राहशील ना? बिचारीला माझ्याशिवाय करमत नाही. विचार करून सांगतो म्हणालो.
"कर विचार," ती म्हणाली. "तोवर पाय पुढे कर."
केला. तिने मोजा चढवला. मग दुसरा.