मामंजींची धोतरं

नागपूर, ६ मार्च १९७८

चि. सौ. गोपिकास रंभाबाईचे अनेक आशीर्वाद.

माहेरी तुझी तब्येत ठीक आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे तुझा नवरा मात्र ठीक नाही. हिंगण्याच्या कारखान्यात प्लास्टिकचे टब करता करता वसंताच्या डोक्यात विजेचा पाळणा शिरला आहे. एक टब, जुन्या पंख्याची मोटर आणि माझ्या बाजेची सुतळी. मी म्हटलं, दोरी ओढायला तू आहेस की. तर म्हणे, कोराडीच्या वीजघरात कोळसा जळूनच राहिला, मग हात काहून दुखवायचे? एक पोर निजवायला तिकडे कोळसा जाळायचा आणि इकडे बापाने हाताची घडी घालून बसायचं, असं मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

काल बाळाच्या जागी कोहळा ठेवून चाचणी झाली. आधी छान झुलला. मग लाइट गेली. बटण बंद करायचं कुणाला सुचलं नाही. लाइट आली ती अशी जोरात, की कोहळा थेट भिंतीपलीकडे. शेजारचे धोंडबाजी तो दोन्ही हातांवर घेऊन आले आणि पोरगा आहे का पोरगी, असं गंभीरपणे विचारू लागले.

जपून राहा. माझा लोभ तुझ्यावर आहेच, आता त्यात वाटेकरी येऊ दे.

रंभाबाई

भंडारा, १३ मार्च

ती. सासूबाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले, की आईने सुईणीला निरोप धाडायला घेतला. पाळण्याचं तुम्हीच बघा. मी नको म्हटलं तर हे दुसरा करतील.

एक मागणं आहे. ह्यांनी कारखान्यातल्या प्लास्टिकच्या चड्ड्या पाठवल्या होत्या. ताईच्या बाळाला एक घालून पाहिली, तर मांड्या लालभडक. आई म्हणते, बाळाला पहिलं कापड घरच्या वडीलधाऱ्याच्या अंगावरचं, वापरून मऊ झालेलंच हवं. बाबा आपलं धोतर फाडायला निघाले होते, मीच थांबवलं. मला मामंजींचं हवं आहे. तुमच्याने होत नसेल तर तसं लिहा, मी रागावणार नाही. मग बाबांचं घेऊ.

तुमची माया अशीच राहो.

गोपिका

नागपूर, १८ मार्च

चि. सौ. गोपिकास आशीर्वाद.

ती धोतरं फाडायची नाहीत. ते गेल्यापासून मी ती धुते, खळ देते, इस्त्री करून ट्रंकेत ठेवते. त्यांना कडक घडी लागायची. ती कामं सोडली तर त्यांच्यासाठी करण्यासारखं माझ्याजवळ काही उरत नाही.

व्याह्यांच्या धोतराला माझी ना नाही. मात्र बळीरामजी त्याच धोतराने बैलाचं तोंड पुसतात, असं वसंत सांगतो. चांगलं उकळून घ्या.

माझ्यावर रुसू नकोस.

रंभाबाई

नागपूर, २२ मार्च

चि. सौ. गोपिकास अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र पेटीत टाकून घरी आले, आणि व्याह्यांच्या धोतरापुढे आपलं किती मऊ ते बघावं म्हणून ट्रंक उघडली. गालाला लावलं. गाल खरचटला. खळ देऊन देऊन मी त्याचा पापड केला होता. त्यात नेसणाऱ्याचं काही राहिलं नव्हतं, सगळी माझी खळच होती.

मग पाण्यात भिजवलं. खळ निघेपर्यंत पाणी बदलत राहिले. धोतर हळूहळू हाताला ओळखीचं लागायला लागलं. एकटीने फाडायला हात धजेना, तेव्हा वसंताने मोटर खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं. फाडताना त्याचेच डोळे आधी भरले, असं मी म्हणते. तो माझं नाव सांगतो. दुसऱ्या एका धोतराची, न फाडता, झोळी करून ठेवली आहे. तिला दोरी लागते आणि बाप लागतो, आणखी काही नाही.

लंगोट आणि दुपटी ह्यासोबत पाठवते आहे. बाळाने पहिल्याच दिवशी भिजवली तर मला मुद्दाम कळव. त्यांच्या धोतराला डाग पाडायची जन्मभर कुणाची हिंमत झाली नाही.

व्याह्यांना नमस्कार. लोभ ठेव, आणि वाढव.

रंभाबाई