आखूड चौकटी

दि. ४ मार्च

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

लेकीकडे जाऊन तुमचा गुडघा सुधारला, हे वाचून बरं वाटलं. काकांची मधपेटी माझ्या गळ्यात मारलीत, त्याबद्दल मात्र भांडायचंय. पेटी खोल आणि मधल्या तीन चौकटी आखूड. सुताराच्या घरी असं माप चुकलेलं काम कसं? खालच्या रिकाम्या जागेत माश्यांनी आपल्या मनाने पोळं लोंबतं सोडलेलं. एक चौकट उचलली की शेजारचीही चिकटून येते. मी पडले शिंपीण, मला असलं ढगळ बघवत नाही. आखूड चौकटी काढल्या, पोळं कापलं आणि पुऱ्या मापाच्या चौकटींत दोऱ्याने बांधलं.

आठवड्याने झाकण उघडलं, तर दोरा कुरतडून दाराशी टाकलेला. आणि मधल्या पोळ्यात एक आरपार पोकळी कोरलेली. काकू, ती हाताच्या पंजाची आहे. अंगठा आणि तीन बोटं, करंगळी नाही. काकांचा हात असाच होता ना? पण कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते, आणि काकांना जाऊन सहा महिने झाले. यातल्या एकीनेही त्यांना पाहिलेलं नाही.

नातवंडांना पापा. काय ते स्पष्ट लिहा.

तुमची पुतणी

दि. १५ मार्च

चि. सुईदोरा हिस,
अनेक आशीर्वाद.

बाई गं, तुझी कात्री जरा आवर. माप चुकलं नव्हतं. तुझ्या काकांनी त्या चौकटी मुद्दाम आखूड केल्या होत्या. खाली माश्यांना काय हवं ते करू दे, आपण वरच्या मधापुरते, असं ते म्हणायचे.

त्यांनी पेटीत उघडा हात कधीच घातला नाही. पोकळी आधी आली. तेव्हा त्यांची पाचही बोटं शाबूत होती. माश्यांना मोजता येत नाही म्हणून आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्याच पावसाळ्यात करवतीने करंगळी नेली. त्यानंतर त्यांनी चौकटी आखूड केल्या आणि खाली वाकून बघणं सोडलं. तू पाहिलीस ती पोकळी त्यांचीच असेल, अशी मी मनाची समजूत घालते.

पत्र मिळताच आखूड चौकटी परत बसव. खाली बघू नकोस. बागेच्या माळ्याला पेटी देऊन टाक, त्याला मी कळवते.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच.

तुझी काकू

दि. २ एप्रिल

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं त्याच दिवशी केलं. खाली पाहिलं नाही, शपथ. परवा माळी पेटी न्यायला आला. उचलताना मधली चौकट घसरून तिरकी अडकली. जाड हातमोज्यात ती पकडीत येईना, म्हणून हातमोजा काढला, डोळे मिटले आणि खालून हात घातला.

माश्या बाजूला सरकल्या. एकही चावली नाही. हात नव्या पोळ्यात आपोआप गेला आणि बसला, अगदी अंगावर माप घेऊन शिवल्यासारखा. काकांचा पंजा माझ्या दीडपट होता. त्यांची पोकळी असती तर मला सैल झाली असती. आत ऊब होती. हात काढावासा वाटेना, याचीच जास्त भीती वाटते.

करंगळीला जागा होती, काकू. तर्जनीला नव्हती. ती बाहेरच मेणाला टेकून राहिली.

पेटी गेली. मशीनवर चादर टाकलीय, कात्री शेजारणीकडे ठेवायला दिलीय. गिऱ्हाइकं येतात, त्यांना ताप आहे म्हणून सांगते. हे पत्रसुद्धा पेन मुठीत धरून लिहिलंय, अक्षराला हसू नका.

उत्तर लिहीत बसू नका. गुडघा साथ देत असेल तर तुम्हीच या.

तुमची पुतणी