आभाळाला मालक नाही

दातिवरे, रविवार, फेब्रुवारी १९८९

आज दादाला सांगून टाकलं. विद्यापीठात पर्यावरणाच्या सरांनी प्रकल्पाला ओझोनचा विषय दिला होता, तो मी बदलून घेतला. आता बोईसरजवळच्या खाडीत कारखान्यांचं पाणी सुटतं, त्यावर लिहिणार. दादा तसल्याच एका कारखान्यात कामाला आहे.

तो जेवता जेवता थांबला. "बाय, तुला आभाळातलं भोक दिलेलं ना? तेच बरं व्हतं. त्याला मालक नाय."

मला हसू आलं, त्याला नाही. मासळी मिळेनाशी झाली म्हणून त्याने होडी सोडली. आता त्याच्या पगारावर मी शिकते. परीक्षेत ओझोनवर 'उपाय' लिहायला दोन ओळी पुरतात. या खाडीवर काय लिहू? आभाळाला मालक नाही, हे खरंच. म्हणूनच वर्गात आम्ही सगळे इतकं मोकळं बोलतो का?

हात धुऊन आल्यावर तो म्हणाला, "खाडीवर एकटी जाव नको. सुट्टी हाय तवा मी येतो. पन पुलावरच उभा रेन. कोनी वळखलं तर नोकरी जाईल."

मी बरं म्हटलं. त्याचा राग आला नाही. नमुन्याच्या बाटल्या घेऊन पाण्यात उतरायचं ते मला एकटीलाच.