फुटाले एक इंच

मुकुटबन,
दि. १४ ऑक्टोबर २००६

चि. मैत्रेयीस आजीचा जयभीम.

आम्ही बरे हावो. तुह्या आज्याचा खोकला गेला, बोलणं वाढलं. बकरी व्याली. यंदा पऱ्हाटीले बोंडं लय लागली, पण त्यातली निम्मी अळीनं खाल्ली. नागपुरात तू टायमावर जेवते ना? मेसवाली कच्ची पोळी देत असन तं तिच्याच ताटात ठेव.

शेजारच्या विमलच्या फोनवर तू म्हणली का आजीनं माहा पह्यला नंबर घालवला, आता सुट्टीत मी गावाले येत नाई. विमलनं मले ते तोंडावर सांगतलं अन् वरून हसली. फोनवर मले बोलता येत नाई, अर्धं गाव ऐकते. म्हणून लिहून राह्यली. अक्षर वाकडं हाय, तरी पुरं वाच.

तुहा पेपर होता म्हणून तुही स्पर्धेची पेटी घेऊन मी अन् विमल यवतमाळले गेलो. एसटीत पेटी मांडीवर धरली. कंडक्टर म्हणे, "आजी, अंडे हायेत का?" मी उगाच म्हटलं, "बैल हाय. हाफ तिकीट लागन का त्याचं?" त्यानं दोनच तिकिटं फाडली.

हॉलात टेबलावर लाइनीनं साऱ्या पोरांचे छोटे नमुने मांडले होते. नाव कोणाचंच नाई, नुसत्या नंबरच्या चिठ्ठ्या. घरच्यांनी भिंतीपाशी बसायचं अन् तोंड उघडायचं नाई, असा नियम. तपासणारे तिघं. त्यातली मोठी कुंदाबाई, चष्मेवाली. पट्टी घेऊन वाकून पाहे, पण बोट कायलेच लावे नाई. मार्क तीन गोष्टीचे: माप, हातकाम अन् खरेपणा. माप म्हणजे फुटाले एक इंच. खरी वस्तू फूटभर असन तं टेबलावर इंचभर पाह्यजे. कुठं कमीजास्त झालं का मार्क कापले.

कापसाच्या बंडीपाशी ते लय वेळ थांबले. अनिकेत नावाच्या यवतमाळच्या पोट्ट्यानं केलती. चाकं फिरत होती. कापूस मात्र दवाखान्यातला, पांढराफेक, सरकीचा पत्ता नाई. मी विमलले हळूच म्हटलं, "बैलाचं ऑपरेशन हाय का वं या बंडीत?" विमलनं तोंडात पदर कोंबला.

मंग तुहं टेबल आलं. नागपूरले जातानी तू पेटी बांधून दिलती, आजी उघडू नोको म्हणलती, म्हणून मी उघडली नव्हती. तिथंच पह्यल्यांदा पाह्यलं. आपला गवत काढाचा डवरा. आपला पाखऱ्या बैल. मांगं डवरा धरून तुहा आजा, धोतराचा सोगा बी तसाच लोंबलेला. अन् जुवाच्या दुसऱ्या अंगाले बैल नाई, बाई. खांद्यावर चिंध्याची गुंडाळी, तिच्यावर जू. हिरवं लुगडं.

माहं हिरवं लुगडं कधीच नव्हतं.

एक सर म्हणाले, "ही कल्पना आहे. बाईला जुवाला कोण जुंपतं? खरेपणात शून्य." कुंदाबाई म्हणाली, "मला माहीत नाही म्हणून शून्य कसं देऊ?" दोघं तिथंच अडले.

पाखऱ्याच्या जोडीचा बांड्या पान लागून, साप चावून मेला त्या पावसाळ्यातली गोष्ट हाय ते. तुहा बाप पांढरकवड्याच्या ट्रकवर गेलता, तुही माय बाळंतीण. कोणाची जोडी रिकामी नव्हती अन् गवत काई थांबत नाई. तू वावराच्या धुऱ्यावर बसून राहे, काकडी खात. एवढीशी होती. विसरली असशीन असं मी धरून चालली होती. या गोष्टीवर आपण कधी बोललो नाई, आता बी बोलायचं नाई.

तं मी उठली. म्हटलं, "खोटं नाई ते. ते मी हाय."

सारा हॉल मांगं वळला. विमल माहा पदर ओढे. ते सर म्हणे, घरचं माणूस बोललं, हा नंबर बाद करा. कुंदाबाईनं होऊ दिलं नाई. माह्यापाशी आली, "आजी, खरंच?" म्हणे. मी म्हटलं, "खांदा दाखवू का?" तिनं नाई म्हटलं. मंग म्हणे, "नीट उभ्या राहा बरं." अन् टेप काढला.

मी चार फूट आठ इंच भरली. टेबलावरची बाई साडेपाच इंच. म्हणजे साडेपाच फूट. बैल मापात, डवरा मापात, तुहा आजा मापात, एकटी मीच वाढलेली! तिनं खरेपणाचे मार्क पुरे दिले अन् मापाचे कापले. मी भांडली, "एवढ्यानं काय होते बाई?" तं म्हणे, "आजी, तिनं बैल एवढा वाढवला असता तर तुम्हीच हसला असता." हसलीच असती.

असा तुहा दुसरा नंबर आला. मी गप बसली असती तं तो बी भेटला नसता. हे तुले सांगणाऱ्यानं सांगतलं नाई वाटते.

उन्हाळ्यात तू टेप घेऊन मांगंमांगं फिरे. आज्याले मोजलं, पाखऱ्याले मोजलं. माह्यापाशी आली तं मी हाकललं, का मी काय झंपर शिवाले टाकलं का? कायले पाह्यजे ते तू बी सांगतलं नाई. मंग केली तू अंदाजानं. धुऱ्यावर खाली बसून पाह्यलं का माणूस तेवढं दिसत असन.

आता कामाचं. पह्यला नंबर पुण्याच्या मोठ्या स्पर्धेले जाते. कुंदाबाई म्हणे, पोरीनं महिन्याच्या आत बाई मापात करून आणली तं हे बी पाठवतो. तवा रुसणं बस कर अन् ये. मी भिंतीले पाठ लावून उभी राह्यतो, हाकलत नाई. लुगडं कत्थ्या रंगाचं कर.

ही उंच बाई जुवाखालून काढतानी मोडू नोको. फळीवर डाळीच्या डब्यापाशी जागा केली हाय. ती पुण्याले जाणार नाई.

येतानी टेप आण.

तुही आजी
तुळसाबाई नागोराव
चार फूट आठ इंच