मिरचीचा दाखला

इतवारी, नागपूर
१४ मार्च १९७९

चि. रुपराव,
भावाचा आशीर्वाद घे, आन् आधी हे वाच.

"कुवेतच्या आमच्या कँटीनमध्ये नागपूरची मिरची येऊन राहिली, पहिला रस्सा मीच चाखीन," असं तू लिहिलं. माय खूश झाली. मी ऑफिसात बिलाची नक्कल काढून पाहिली. पत्ता तुझ्याच कंपनीचा निघाला.

ती मिरची आमच्या शेठनं पाठवली. परदेशच्या धंद्यात बँक पोतं उघडून पाहत नाही गा, कागद पाहते. जहाजाची पावती, बिल आन् माल चांगला असल्याचा दाखला दिला, की पैसे मोकळे. दाखल्यासाठी नमुना वरच्या चार पोत्यांतून काढला. खालच्या पोत्यांत बुरशीची मिरची होती, कपड्याच्या रंगात घोळून वाळवलेली. मले माहीत होतं. तरी सही मीच केली.

मिरची निवडणाऱ्या प्रयागबाईनं त्यातली ओंजळभर घरी नेली होती. ती तीन दिवसांपासून दवाखान्यात आहे. कोणाले ओळखत नाही.

जहाज परवा तिथं लागते. पत्र तोवर पोचत नाही, तार पोचते. सकाळी तारेच्या खिडकीपर्यंत गेलो होतो. तिथला बाबू मजकूर मोठ्यानं वाचून शब्द मोजते, आन् माझ्या मागं शेठचा मुनीम उभा होता. मी दोन पोस्टकार्डं घेऊन परत आलो.

खिडकी पाच वाजता बंद होते. आता पावणेपाच झाले, आन् मी अजून पत्रच लिहून राहिलो.

दाखल्यावर सही करणारा तुझा भाऊ,
ताराचंद